आजन्म चाहता आणि अपुरी संहिता

आस्वाद घेणाऱ्या व्यक्तीसाठी मराठी समीक्षेत शब्दांची वाण नाही. सहृदय, रसिक, भावक, आस्वादक, मर्मज्ञ अशी मोठी परंपरागत संपत्ती तिच्याजवळ आहे. वाचककेंद्री विचाराबरोबर ‘गर्भित वाचक’ही तिच्या परिवारात दाखल झाला. ‘चाहता’ मात्र उंबरठ्याबाहेरच राहिला. चाहता म्हणजे विवेक गमावलेला रसिक, ज्याची आवड कलाकृतीवरून घसरून कलावंताच्या व्यक्तीवर जाऊन बसली आहे असा आस्वादक, ही समजूत इतकी रुजलेली आहे की तिचे समर्थन करण्याचीही कोणास गरज वाटत नाही.

या समजुतीला शास्त्राधार आहे, हे मान्य करावयास हवे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील जी सात विघ्ने सांगितली त्यांपैकी दोन तर चाहत्याचे वर्णन करण्यासाठीच योजावीत अशी आहेत. अनुभव स्वतःचा किंवा अमक्याचा म्हणून, एका विशिष्ट स्थळकाळाला जखडून घेणे हे एक, आणि स्वतःच्याच सुखदुःखांनी विवश होऊन जाणे, म्हणजे ‘निजसुखादिविवशीभाव’, हे दुसरे. ‘त्या रात्री त्या सभागृहात आपण होतो’ हे चाहत्याचे आवडते वाक्य पहिल्या विघ्नाचे उदाहरण ठरते. ‘हे गाणे ऐकले म्हणून त्या दिवसांतून तरलो’ हे दुसऱ्याचे. मर्ढेकरांनी सौंदर्यभावनेला लौकिक भावनांपासून अलग काढले तेव्हा ही दारे आणखी घट्ट लागली.

तथापि या सर्व विवेचनात एक गृहीत दडलेले आहे. आस्वादकासमोर असलेली कृती पूर्ण झालेली आहे, ती त्याच्या येण्याआधीही होती आणि तो गेल्यावरही तशीच राहणार आहे, हे ते गृहीत होय. कृतीच जर पूर्ण नसेल, एका प्रयोगापासून दुसऱ्या प्रयोगापर्यंत ती श्रोत्याच्या स्मरणाखेरीज कोठेही वास करीत नसेल, तर तिला कोणत्या प्रकारचा आस्वादक लागेल? या प्रश्नाची कसोटी पाहण्यास ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन रॉक बँडइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. त्याच्या चाहत्यांना ‘डेडहेड’ असे स्वतंत्र नाव मिळाले आणि ती निष्ठा बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभराची ठरली.

हा बँड १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात स्थापन झाला. गिटारवादक व गायक जेरी गार्सिया, बॉब वीअर, बास वाजविणारा फिल लेश, तालवादक बिल क्रॉइट्झमन व पुढे मिकी हार्ट ही त्यातील ठळक नावे. गार्सियाच्या बहुसंख्य गीतांचे शब्द रॉबर्ट हंटर याचे. तो मंचावर नसे, पण त्याला बँडचा सभासद मानले जाई. (याच हंटरने रिल्केच्या ‘दुइनो विलापिकां’चा इंग्रजी अनुवाद केला, ही गोष्ट रॉक संगीताला अक्षरशत्रू समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.) ९ ऑगस्ट १९९५ रोजी गार्सियाचा मृत्यू होईपर्यंत या बँडने सुमारे २,३०० प्रयोग केले. त्याच्या स्टुडिओत बनलेल्या ध्वनिमुद्रिका मात्र, दोन-तीन अपवाद वगळता, सामान्यच आहेत. हे मत प्रतिपक्षाचे नव्हे. निष्ठावंत डेडहेडही ते बिनदिक्कत मान्य करतात.

येथेच या निष्ठेचे पहिले वैशिष्ट्य हाती लागते. ‘डार्क स्टार’ हे गीत १९६८ मध्ये तबकडीवर आले तेव्हा ते तीन मिनिटांचेही नव्हते, आणि ते खपलेही नाही. पुढच्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या प्रयोगमुद्रित संग्रहात त्याच गीताने तेवीस मिनिटे व्यापली. या दोहोंपैकी मूळ कोणते आणि विस्तार कोणता? अल्बर्ट लॉर्डने ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) या ग्रंथात युगोस्लाव्हियातील गाथागायकांविषयी जे दाखवून दिले ते येथे शब्दशः लागू पडते. मौखिक परंपरेत ‘मूळ’ संहिता नावाची वस्तूच नसते. प्रत्येक प्रयोग हा त्या गाण्याचा एक प्रयोग असतो आणि ते संपूर्ण गाणेही असतो.

अशा गाण्याचा चाहता पहिल्या श्रवणात घडत नाही. प्रथम ऐकणाऱ्याला ते लांबलेले, काहीसे दिशाहीन आणि गायनाच्या दृष्टीने कच्चेच वाटते. चाहता जन्मतो तो दुसऱ्या श्रवणात. मागच्या वेळी गिटार येथून वर गेली होती, आज ती खाली उतरली. मागच्या वेळी हे गीत संपले होते, आज ते न संपताच दुसऱ्या गीतात शिरले, असा फरक ज्या क्षणी जाणवतो त्या क्षणी श्रोत्याची भूमिकाच पालटते. तोवर तो गाणे ऐकणारा होता; आता तो मागील पाठ जवळ बाळगणारा झाला. एकदा ही जबाबदारी अंगावर आली की ती टाकून देता येत नाही, कारण पुढील प्रत्येक श्रवणाचा अर्थ तिच्यावरच अवलंबून असतो. आजन्म निष्ठेचे मूळ भारावून जाण्यात शोधले जाते. येथे मात्र ते तुलनेत आहे, आणि तुलना हे समीक्षेचेच कर्म होय.

बँडची प्रयोगपद्धतीही या तुलनेला खतपाणी घालणारी होती. गीतक्रम आधी जाहीर होत नसे, आणि लागोपाठच्या दोन रात्री सहसा तो सारखा नसे. प्रयोगाचे दोन भाग असत. पहिल्यात सुटी, आटोपशीर गीते. दुसऱ्यात एकातून दुसऱ्यात वाहत जाणारी दीर्घ मालिका आणि तिच्या मध्यभागी केवळ तालवाद्यांचा खंड व त्यामागून सूर-तालाची चौकट सोडून दिलेला ‘स्पेस’ नावाचा खंड. (या वेळी उपाहारगृहापुढे रांगा लागत, हेही नमूद केले पाहिजे, आजन्म निष्ठेला भूक लागत नाही असे नाही.) हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षाक्षितिज म्हणतो ते येथे इतिहासलेखकाला नंतर जुळवावे लागत नाही, ते दर रात्री, दर गीतामागून, सभागृहात उघडपणे बनत आणि मोडत असते. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी व्हर्जिनियातील हँप्टन येथे ‘डार्क स्टार’चे पहिले काही स्वर वाजले तेव्हा उठलेला कल्लोळ ध्वनिमुद्रणात ऐकू येतो. गीत अजून सुरूही झालेले नाही. कल्लोळ आहे तो पाच वर्षांच्या अनुपस्थितीला. न वाजलेले गीतही संहितेचा भाग असते, रिकाम्या जागाही वाचल्या जातात, हे वोल्फगांग इझरचे प्रतिपादन याहून स्पष्ट रूपात क्वचितच भेटेल.

या संदर्भात एक दुवा मुंबईकडे येतो. मिकी हार्ट १९६७ मध्ये बँडमध्ये आला आणि त्याच सुमारास उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून त्याने तालाचे धडे घेतले. अकरा मात्रांची एक रचना बँडच्या त्या काळातील वादनात ठळकपणे आढळते आणि तिचे नावच ‘द इलेव्हन’ असे आहे. पुढे झाकीर हुसेन यांच्यासह हार्टने ‘दिगा ऱ्हिदम बँड’ची ध्वनिमुद्रिका (१९७६) आणि ‘प्लॅनेट ड्रम’ (१९९१) केली. यावरून ग्रेटफुल डेडचे संगीत भारतीय ठरत नाही, आणि तसे ठरविण्याची घाई आपल्याकडे नेहमी होते म्हणून हे सांगणे आवश्यक आहे. ब्लूज, ब्लूग्रास, जॅझ आणि अमेरिकन लोकगीत हीच त्याची जमीन. परंतु आवर्तनाकडे ठरीव साचा म्हणून न पाहता परतून येण्याचे ठिकाण म्हणून पाहण्याची दृष्टी त्या धड्यांतून बळावली असावी, असे मानण्यास जागा आहे. जेथे परतण्याचे ठिकाण ठाऊक असते तेथेच श्रोता भरकटण्याचा आनंद घेऊ शकतो.

या मांडणीवर अडोर्नोचा आक्षेप उभा राहील, आणि तो सहजी बाजूला सारण्याजोगा नाही. लोकप्रिय संगीतात तत्क्षणस्फूर्त वाटणारे वादनही ठरीव चौकटीतील नक्षीकाम असते, ते श्रोत्याला निवडीचा केवळ आभास देते, असे त्याचे प्रतिपादन आहे. ग्रेटफुल डेडच्या पुष्कळ रात्रींविषयी हे खरेच आहे. दोन स्वरसंघातांवर दहा-दहा मिनिटे फिरत राहणारे, कोठेही न पोहोचणारे वादन त्या फितींत विपुल आहे. पण अडोर्नोचा श्रोता हे ओळखू शकत नाही, आणि डेडहेड नेमके तेच ओळखतो. कोणते वर्ष भरीव, कोणता दौरा फिका, कोणत्या रात्री गार्सियाचे लक्ष नव्हते यांविषयीचे त्याचे निर्णय कित्येकदा निर्दय असतात. १९८७ पासून ‘डेडबेस’ या नावाने प्रत्येक प्रयोगाच्या गीतक्रमांची सूची ग्रंथरूपाने निघू लागली. तिच्यावर टिपणे करणारा वर्ग वस्तुपूजक खचित नव्हे. १९७७ हे वर्ष शिखर मानावे की १९७२, हा वाद या समूहात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि त्यात दिली जाणारी कारणे लय, वाद्यमेळ, गायनाचा पल्ला यांच्या परिभाषेतलीच असतात.

या वादाला पुरावा लागतो, आणि तो पुरवला फितींनी. श्रोत्यांनी प्रयोग ध्वनिमुद्रित करण्यास बँडने हरकत घेतली नाही. ऑक्टोबर १९८४ पासून, बर्कली येथील प्रयोगांपासून, त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागा व वेगळी तिकिटे ठेवली. अट एकच होती. फीत विकावयाची नाही. बदलून घ्यावी किंवा देऊन टाकावी. व्यापाराच्या ऐन मध्यभागी दानाची ही एक व्यवस्था उभी राहिली. फितीवरून फीत उतरवताना दर प्रतीगणिक खरखर वाढत जाई, म्हणून प्रत्येक फितीसोबत तिची वंशावळ लिहिली जाऊ लागली: मूळ मुद्रण कशावर, कोठे बसून, त्यापासून ही प्रत कितवी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना सुखठणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखितांची कुळे लावली. त्या विद्येचा गंधही नसलेल्या अमेरिकन तरुणांनी गरजेपोटी तीच शिस्त स्वतः घडवली. फरक आहे तो उद्दिष्टाचा. चिकित्सक आवृत्तीला पाठभेदांमागे असलेला एक प्राचीन पाठ हवा असतो. डेडहेडला पाठभेदच हवे असतात. पाठभेद नष्ट करणारा संपादक त्याच्या लेखी संहिताच नष्ट करतो.

बार्टन हॉलचे उदाहरण येथे थोडे तपशिलाने पाहण्याजोगे आहे. कॉर्नेल विद्यापीठातील या सभागृहात ८ मे १९७७ रोजी झालेला प्रयोग अनेकांच्या मते बँडचा सर्वश्रेष्ठ प्रयोग होय. त्याचे उत्कृष्ट ध्वनिमुद्रण बेटी कँटर-जॅक्सन या तंत्रज्ञ स्त्रीने केले होते. पुढे तिच्या फिती भाड्याच्या कोठीत पडून राहिल्या, भाडे थकले, आणि १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला. घेणाऱ्यांच्या हातून त्यांच्या प्रती चाहत्यांत पसरल्या. अमेरिकेच्या संसद-ग्रंथालयाने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत ही फीत समाविष्ट केली. बँडच्या नावाने ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली ती २०१७ मध्ये, म्हणजे प्रयोगानंतर चाळीस वर्षांनी. अभिजाततेचा हा क्रम उलटा आहे. प्रकाशन, समीक्षा, मान्यता अशा वाटेने ती आली नाही. आधी चाहत्यांची मान्यता, मग राष्ट्राची नोंद, सर्वांत शेवटी प्रकाशन. त्यातही मौज अशी की तो प्रयोग खरोखरच सर्वश्रेष्ठ होता की त्याची फीत तेवढी स्वच्छ होती, असा संशय चाहत्यांपैकीच काहींनी घेतला. पाठाचे मूल्य आणि पाठाचे टिकून राहणे यांतील ही गल्लत वाङ्मयेतिहासाच्या कोणाही अभ्यासकाला परिचित असेल. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डिक्स पिक्स’ या मालेचा संपादक डिक लाटव्हाला हाही मुळात एक फिती जमविणारा चाहताच. बँडने आपली संहिता शेवटी आपल्या वाचकाकडेच संपादनासाठी सोपवली.

आता त्या दुसऱ्या विघ्नाकडे, निजसुखादिविवशीभावाकडे, वळता येईल. जुलै १९८६ मध्ये गार्सिया मधुमेहाने बेशुद्धावस्थेत गेला, त्यातून उठून त्याला वादन नव्याने शिकावे लागले, आणि १५ डिसेंबर १९८६ रोजी ओकलंड येथे तो परतला तो ‘टच ऑफ ग्रे’ हे गीत घेऊन. तगून राहण्याविषयीचे हे गीत १९८२ पासून गायले जात होते. आजारपणाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या रात्रीपासून मात्र ते आजारपणाचेच झाले. शब्द तेच, चाल तीच, पण अर्थाचा धनी बदलला, आणि तो बदल लेखकाने केला नाही. हे विघ्न म्हणावे काय? एकाच्या जगण्याचा प्रसंग हजारोंच्या जगण्याला जाऊन भिडला, याला साधारणीकरणाचेच एक रूप का म्हणू नये?

याहून बोलके उदाहरण ‘व्हार्फ रॅट’चे आहे. गोदीच्या धक्क्यावर पडून राहणाऱ्या एका दारुड्याचे हे १९७१ मधील गीत. बँडभोवतीचे वातावरण पहिल्यापासून अमली पदार्थांनी भारलेले. अशा गर्दीत राहून व्यसनमुक्त राहू इच्छिणाऱ्या चाहत्यांनी ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी एक गट स्थापला आणि त्याला या गीताचेच नाव दिले. मध्यंतरात पिवळे फुगे लावलेल्या जागी ते जमत. गीतातील दारुडा सुधारण्याची ग्वाही देतो, आणि त्याचे हे बोलणे विश्वसनीय आहे की नाही हे गीत सांगत नाही. गटाने ती ग्वाही खरी मानली; मानली एवढेच नव्हे, ती आपल्या आचरणाने खरी करून दाखवली. स्टॅन्ली फिश ज्याला अर्थनिर्णायक समूह म्हणतो त्याचा निर्णय सहसा वर्गाच्या चार भिंतींत राहतो. येथे तो निर्णय जगण्यावर तोलला गेला आणि टिकला.

परंतु चाहत्याचे समर्थन येथवर आणून थांबवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बँडचे नाव एका लोककथेवरून आले आहे. १९६५ च्या अखेरीस शब्दकोश उघडला असता गार्सियाच्या नजरेला ते पडले. कथा जुनी, अनेक देशांत आढळणारी. हान्स अँडरसनची ‘प्रवासातला सोबती’ हे तिचेच एक रूप, आणि गॉर्डन गेरोल्डने १९०८ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एका प्रवाशाला वाटेत एक प्रेत दिसते. मेलेल्याने कर्ज फेडले नाही म्हणून सावकार ते पुरू देत नाहीत. प्रवासी आपली होती नव्हती ती पुंजी देऊन त्याचे ऋण फेडतो आणि पुढे निघतो. नंतर एक अनोळखी सोबती त्याला भेटतो, संकटांतून तारतो, आणि अखेरीस सांगतो की तो मृत मीच.

या कथेचे सारे मर्म एका अटीत आहे. पैसे देताना प्रवाशाला परतफेड ठाऊक नसते. डेडहेडांच्या दानव्यवस्थेने ही अट फितींच्या बाबतीत पाळली. माणसाच्या बाबतीत मात्र ती मोडली. १९८७ मध्ये ‘टच ऑफ ग्रे’ अमेरिकेतील पहिल्या दहा गीतांत पोचले, सभागृहांची जागा क्रीडांगणांनी घेतली, आणि नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी दौऱ्यांतून सर्वाधिक उत्पन्न मिळविणाऱ्या बँडांत ग्रेटफुल डेड गणला जाऊ लागला. गार्सियाचे व्यसन आणि ढासळते आरोग्य ही गुपिते नव्हती. अखेरच्या वर्षांत शब्द आठवावेत म्हणून त्याच्यापुढे पडदा ठेवावा लागे, तरीही ओळी निसटत. त्या फितींतही निसटलेल्या ओळीवर उठलेला प्रेमळ कल्लोळ ऐकू येतो. हे प्रेम खरे आहे, याविषयी शंका नाही. पण ते प्रेम ‘आता थांब’ असे म्हणू शकले नाही. अपुरी संहिता चाहत्याला घडवते, आणि असा घडलेला चाहता संहिता पुरी होऊ देत नाही. तिच्या कर्त्याच्या जिवावर बेतले तरीही. ज्या कानांना वाईट रात्र अचूक ओळखता येत होती, त्यांनी ती एक सौंदर्यविषयक नोंद म्हणून वहीत उतरवून घेतली. श्रवणाच्या नैतिकतेचा हा प्रश्न पूर्ण झालेल्या कृतींच्या समीक्षेपुढे उभाच राहत नाही, कारण तेथे कर्ता एकतर मृत असतो किंवा सिद्धान्ताने त्याला मृत ठरविलेले असते.

२ जुलै १९९५ रोजी इंडियानातील डिअर क्रीक येथे तिकीट नसलेल्या हजारोंनी कुंपण तोडले. दुसऱ्या दिवसाचा प्रयोग रद्द करावा लागला. हे असेच चालू राहिले तर दौरेच संपतील, असे बँडने चाहत्यांना पत्र लिहून कळवले. ९ जुलैला शिकागोत अखेरचा प्रयोग झाला. महिन्याभराने, व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेला असताना, गार्सिया वयाच्या ५३ व्या वर्षी हृदयविकाराने गेला.

त्यानंतर जे चाहते झाले, आणि ते आजही होत आहेत, त्यांच्यापुढील संहिता वेगळी आहे. उरलेल्या वादकांनी निरनिराळ्या नावांनी प्रयोग केले, २०१५ मध्ये शिकागोच्या त्याच क्रीडांगणावर निरोपाचे प्रयोगही झाले. पण गार्सियासह वाजलेला मूळ संच आता वाढणारा नाही. बँडची कागदपत्रे २००८ मध्ये सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे सोपविण्यात आली. प्रयोगांपैकी बहुतेकांची ध्वनिमुद्रणे मिळतात. रोज एक ऐकावयाचा म्हटले तरी सहा वर्षे लागतील. या नव्या श्रोत्याला आज रात्री कोणते गीत येणार हे आधीच वाचता येते. त्याचे अपेक्षाक्षितिज मोडू शकणारे कोणी मंचावर नाही. तरीही फितींची तुलना, वर्षांची भांडणे, बार्टन हॉलविषयीचा संशय हे सर्व तो पहिल्यापासून सुरू करतो, आणि त्यातले बरेचसे त्याने थोरल्या भावाकडून, वडिलांकडून किंवा एखाद्या अनोळखी फीतवाल्याकडून फुकट घेतलेले असते. हँप्टनच्या फितीवर तो कल्लोळ तो ऐकतो. पाच वर्षे वाट पाहिलेली नसतानाही त्या कल्लोळाचे कारण त्याला कळते.